तिसऱ्या बटणाचा माणूस

सीट हलली. तसं त्यात नवल काही नव्हतं. बटण दाबलं की सीट हलणारच, तेवढ्यासाठी तर लोक एवढ्या महागड्या गाड्या घेतात. पण ही सीट हलत हलत पुढे आली, किंचित खाली बसली, पाठ शाळेच्या बाकासारखी ताठ झाली आणि कमरेच्या डाव्या अंगाला एक फुगवटा हळूच वर येऊन पारख्याच्या दुखऱ्या मणक्याशी असा काही टेकला, की "हां, बस, बस" असं त्याच्या तोंडून निघून गेलं, नेहमीच्या न्हाव्याला म्हणावं तसं. मग स्टीअरिंग मांडीकडे झुकलं. मग आरसे जागे झाले. जवळचा आरसा जरासाच हलला, पण पलीकडचा खाली खाली वाकत गेला. आभाळ सुटलं, भिंत सुटली, मागचा रस्ता सुटला, आणि तो गाडीच्या मागच्या चाकावर येऊन थांबला. गाडी चालवताना आरशात मागचं चाक बघत राहणारा माणूस पारख्याने सबंध आयुष्यात एकच पाहिला होता, आणि तो रोज सकाळी दाढी करताना.

इंजीन बंद होतं. शेडच्या पत्र्यावर कुठला तरी पक्षी नखं घासत चालला होता, तेवढाच आवाज. पारख्याने बटणावरून हात काढून घेतला आणि उगाचच पँटला पुसला. दारावर तीन बटणं होती. पहिल्यावर मालक, दुसऱ्यावर मालकीणबाई, तिसऱ्यावर बहुधा कुणीच नसतं. ते दाबलं की सीट जागच्या जागी गप्प बसते आणि मग ही गाडी दोनच माणसांनी वापरली असं छातीठोकपणे सांगता येतं. म्हणून तो तिसरं नेहमी दाबून बघायचा. आज ते दाबलं आणि त्याच्याखाली कुणीतरी त्याच्याच मापाचं येऊन बसलं. की तोच कुणाच्या तरी मापात जाऊन बसला? ही गाडी त्याने आज सकाळी पहिल्यांदा पाहिली होती. याबद्दल आतापर्यंत तरी त्याला शंका नव्हती.

जुन्या गाड्यांच्या त्या दुकानात सगळे त्याला पारखी म्हणायचे. आधी कौतुकाने, मग सवयीने, आणि खरं नाव आता पगारापुरतं उरलं होतं. पुढे काचेचं दालन, त्यात धुऊनपुसून चकचकीत केलेल्या गाड्या, आणि मागे पत्र्याची शेड, तिथे आलेल्या गाड्या, तोंड धुण्याआधीच्या. पारख्याचं राज्य शेडमध्ये. गाडी आली की बाकीचे रंग बघायचे, बॉनेट उघडायचे, चाकाला लाथ मारून शहाणपणाने मान हलवायचे. हा आधी आत जाऊन बसायचा, दार लावून घ्यायचा, डोळे मिटायचा आणि नुसता हात फिरवायचा. पॅडलचं रबर, दाराच्या कडीची आतली बाजू, उतरताना मांडी घासते ती सीटची कड. मधल्या भागाला कुणीही पॉलिश मारतो, असं त्याचं म्हणणं. पण हात जिथे रोज लागतो तिथली कड गुळगुळीत होते, आणि तो गुळगुळीतपणा कुठल्याच पॉलिशने येत नाही आणि कुठल्याच पॉलिशने जात नाही. वापरलेली वस्तू त्याला अंधारातही कळायची. नवी म्हणून आणलेली सुटकेस, नवा म्हणून सांगितलेला विनोद, काहीही. बायको म्हणायची, तुमच्याशी खोटं बोलायचं तर आधी त्याला सँडपेपर मारून खरखरीत करावं लागेल.

त्याचा एक शब्दही होता. भाव पडला, किंमत कमी झाली, असं तो कधी म्हणत नसे. 'उतरलीय' म्हणायचा. गाडी उतरलीय. शेठला तेवढं पुरायचं. किती उतरलीय ते पारख्याच्या स्वरावरून कळायचं. माणूस गाडीतून उतरतो, ताप उतरतो, चेहरा उतरतो, आणि माणूस मनातूनही उतरतो. एवढ्या सगळ्याला मराठीत एकच शब्द आहे याची त्याला मोठी गंमत वाटायची. घरीसुद्धा तोच शब्द चालू झाला होता. पडदे उतरलेत, कढई उतरलीय, अहो तुमचे हे भाऊ फार उतरलेत हो गेल्या वर्षभरात.

गाडी घेऊन आली होती ती दातांच्या डॉक्टरची बायको. उंच गाडी, काळी, इतकी उंच की चढायला पायरी होती. बाई तिच्यातून उतरली ती विहिरीत उतरावं तशी, मागे बघत बघत. पारख्याला बघून तिचा चेहरा एकदम मोकळा झाला आणि ती म्हणाली, "कसे आहात आता?" तो म्हणाला, मजेत. मग शेडकडे चालता चालता तो 'आता' त्याला दातात धागा अडकल्यासारखा टोचायला लागला. आता म्हणजे कधीच्या मानाने? पण काही माणसं अशी असतातच, पहिल्या भेटीत जुनी ओळख काढणारी, आणि डॉक्टरांच्या बायकांना तर सगळं जगच पेशंट वाटत असणार. हल्ली लोक त्याच्याशी बोलताना आवाज जरा खाली आणायचे, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याने ते वयाच्या खात्यावर टाकून दिलं होतं.

तिने दार उघडून दाखवलं. दार उघडताच रिकामी सीट आपण होऊन मागे सरकली, चांगली हातभर मागे, पाठ रेलली, आणि एखाद्या लांब पायांच्या माणसाला ऐसपैस बसता येईल एवढी जागा करून थांबली. दोघंही त्या जागेकडे बघत राहिले. "ह्यांना लागायची तेवढी," बाई म्हणाली. "उन्हाळ्यात गेले हे. हिला कोण सांगणार? दार उघडलं की आधी त्यांना बसवते. मग मी बटण दाबायचं, मग ती मला बसवणार. रोज मी त्यांच्या मांडीवर बसल्यासारखी बसते आणि मग पुढे पुढे येते." ती हसली, पण ते हसू ओठांच्या पलीकडे गेलं नाही. "माझा भाऊ म्हणाला, अगं किल्लीत असतं ते, काढून टाकता येतं. मला कळत नाही त्यातलं. आणि खरं सांगू, काढायला हात धजत नाही. म्हणून विकायचीच."

पारखी म्हणाला, विकण्याआधी तो गाडीच्या आठवणी धुतोच. हा त्याचा नेम होता. फोनमधली नावं, नकाशातले पत्ते, सीटच्या जागा. माणसं खिसे तपासून कपडे धुवायला देतात पण गाडी देताना आपलं सगळं घर आत विसरून जातात.

"पण मला एक सांगा," ती म्हणाली. "तीनच वर्षं झाली. एक ओरखडा नाही. जिथे विचारावं तिथे अर्ध्याच्याही खाली सांगतात. आमच्या शेजाऱ्यांची साधी डबडी गाडी, दोनदा ठोकलेली, तीसुद्धा हिच्या मानाने बरी गेली. काय बिघडलंय हिचं?"

"काही बिघडलं नाही, ताई. उतरलीय."

"पण का?"

हे त्याने इतक्या जणांना सांगितलं होतं की वाक्यं आपोआप रांगेत यायची. तो म्हणाला, "ही ज्याला परवडते तो जुनी घेत नाही. जो जुनी घेतो त्याला ही परवडत नाही. हत्ती स्वस्तात मिळाला तरी चारा हत्तीचाच घालावा लागतो ना? टायर, ब्रेक, एक साधी काच फुटली तरी सगळं नव्याच्याच भावात. शिवाय कंपनीवाले लबाड, दर थोड्या वर्षांनी पुढच्या दिव्यांचा आकार बदलतात. बाकी काही नाही, नुसते डोळे बदलतात. पण लांबूनच कळतं, जुनी आली. साध्या गाडीकडे कोण बघतंय? ही लोकांनी बघावी म्हणून तर घेतलेली असते."

"आमच्या ह्यांनी नाही तशी घेतली," ती म्हणाली. "दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात वाकून बघायचे. म्हणायचे, निदान जाता-येता तरी उंचावर बसू दे."

"असेल. पण घेणाऱ्याला ते कुठे माहीत? त्याला दिसतो तो हिचा जोर. आणि एवढा जोर आहे म्हटल्यावर पहिल्याने तिला किती पिळली असेल, हा संशय. साध्या गाडीचा असा संशय येत नाही. जोरावर घेतात ताई, आणि संशयावर विकतात."

"म्हणजे चालते छान, तरी भरवसा नाही."

"कशी चालते ते कुणी बघत नाही. अचानक कुठे बंद पडेल ते बघतात."

यावर ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात अशी काही माया होती की पारखी गडबडला, आणि पायरीवर पाय ठेवून आत जाऊन बसला. त्याने एक दाबलं, सीट डॉक्टरांसाठी मागे गेली. दोन दाबलं, बाईंसाठी वर आली. मग तीन.

"तीनवर कोण बसायचं?" त्याने विचारलं. आवाज साधा ठेवायचा त्याने प्रयत्न केला.

ती दारापाशीच उभी होती. तिने आधी त्याच्या पाठीकडे पाहिलं, मग गुडघ्यांकडे, शिंपी बघतो तसं. "नीट बसतंय ना तुम्हाला?" ती म्हणाली. "ह्यांनी ठेवलं होतं ते. असू दे, म्हणाले होते."

कुणासाठी, हे विचारणं पुढचं साहजिक होतं, पण पारख्याने विचारलं नाही. उत्तर त्याच्या पाठीला कळलं होतं आणि ते वर डोक्यापर्यंत येऊ नये असं त्याला वाटत होतं. कंबर त्याची एकट्याची होती. तरुणपणी एका गाडीखाली आडवा असताना जॅक सरकला, तेव्हापासून मणका डाव्या अंगाला किंचित वळलेला. त्यानंतर कुठल्याही खुर्चीवर तो बसला की खुर्ची त्याला आणि तो खुर्चीला सोसून घ्यायचे. लग्नात पाटावर बसतानासुद्धा डावीकडे टॉवेलची घडी लागली होती आणि बायकोने ती सगळ्यांच्या नकळत, न सांगता, सरकवून दिली होती. तिथून ती त्याला आवडायला लागली. इतकी वर्षं तो फुगवटा, ती घडी, ते डावं अंग, हे त्या दोघांतलं गुपित असल्यासारखं होतं. आणि आता ही काळी, परकी, थंड गाडी तो फुगवटा बोटासारखा बरोबर तिथेच लावून बसली होती. त्याला घाम आला. कुणीतरी आपल्या अंगाचं माप आपण झोपेत असताना घेऊन ठेवलंय, असं ते वाटणं होतं. सीटखाली चाचपायची त्याची रीतच होती, म्हणून त्याने हात खाली घातला, आणि बोटांना टॉर्च लागला. बोटाएवढा, पत्र्याचा, मानेला लाल दोरा बांधलेला. दोरा बायकोने बांधला होता. दुकानात सगळ्यांचे टॉर्च सारखेच म्हणून. हरवला होता तो. कधी? त्याने घर उलटंपालटं केलं होतं एवढं आठवत होतं, आणि बायको म्हणाली होती, राहू दे हो, दुसरा आणू. एरवी ती पिशवीला बांधलेली सुतळीसुद्धा टाकू देत नाही. तेव्हाच त्याला तो उदारपणा खटकायला हवा होता. त्याने टॉर्च लावला. लागला. एवढे दिवस अंधारात पडून होता तरी लागला, आणि याचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"चक्कर मारून बघतो," तो म्हणाला. उठून जाण्यापेक्षा बसून राहणं बरं वाटत होतं.

"काका, थांबा, ड्रायव्हर येऊ दे!" शेठ काचेच्या दालनातून धावतच आला. शेठ म्हणजे जुन्या शेठचा मुलगा. पारख्याच्या मांडीवर खेळलेला आणि आता पारख्याला पगार देणारा. "जेवायला गेलाय तो. येईलच."

"मला कशाला ड्रायव्हर? मी काय हवेत चालवतो?"

"इन्शुरन्सचा नियम आहे ना, काका. सांगितलंय ना तुम्हाला."

नियम होता खरा. मागच्या थंडीनंतर कधीतरी आला होता. त्याआधी पारखी एकटाच जायचा, हवं तितकं लांब. नियम आल्यापासून बाजूला कुणीतरी असायचंच, आणि डावीकडे घ्या काका, आता उजवीकडे, असं बोलत राहायचं. पारखी चिडायचा. मला रस्ते शिकवतोस? पण आता पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, की दुकानातल्या बाकीच्यांना हा नियम नव्हता.

"मी बसते ना बाजूला," बाई म्हणाली. शेठने तिच्याकडे पाहिलं. पारख्याला पलीकडच्या आरशात बघून दोघांचे चेहरे दिसते तर बरं झालं असतं, पण आरसा त्याच्याच मर्जीने खाली वाकलेला होता. त्यात दिसत होतं फक्त मागचं चाक, आणि चाकापाशी दोन पायांच्या जोड्या, शेठचे बूट आणि बाईंच्या चपला, एकमेकांकडे तोंड करून, फार जवळ. कुजबुजणाऱ्या माणसांचे पाय असे उभे राहतात. मग बूट मागे झाले, चपला पुढे आल्या, आणि बाजूचं दार उघडलं.

गाडी सुरू झाली ती आवाज न करता, नुसती अंगात कळ उठावी तशी. पारख्याने ती रस्त्यावर आणली. पाय नुसता टेकवला की ती उसळत होती आणि तो तिला दाबून धरत होता, आणि त्या दाबून धरण्यातच त्याला बरं वाटायला लागलं. हात आपले होते. गिअर बदलण्याचा क्षण, वळणावर मागचं चाक कडेपासून किती दूर राहतं, ब्रेक पहिल्यांदा कुठे पकडतो, सगळं त्याला कळत होतं. उजव्या पुढच्या बाजूला कुठेतरी बारीक कुरकुर होती तीही त्याने टिपली आणि मनात भाव आणखी जरासा उतरवला. एवढं ज्याला कळतं त्याचं काय बिघडलेलं असणार? औषधांची दुकानं गेली, एक शाळा गेली, कपडे वाळत घातलेल्या गच्च्या गेल्या. बाई समोर बघत होती. तिचा हात मांडीवर नव्हता, दोन सीटच्या मध्ये हँडब्रेकच्या बटणापाशी होता, अगदी सहज ठेवल्यासारखा. पारख्याने तो पाहिला आणि पाहिला नाही असं केलं.

सिग्नलला गाडी थांबली. समोरून तीन रस्ते फुटत होते. रुंद, सावलीचे, चांगले रस्ते. पारखी त्यांच्याकडे बघत होता, आणि त्याला असं जाणवलं की दुकान यांपैकी कुठे आहे हे त्याला माहीत आहे, फक्त ते माहीत असणं आत्ता जागेवर नाहीये. शेजारच्या खोलीत गेलंय, येईल. तो वाट बघत राहिला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. बाई म्हणाली, "सावकाश. घाई नाही आपल्याला." हेच शब्द, हाच हलका आवाज, पण पुरुषाचा, त्याला कुठूनतरी ऐकू आला, त्या आवाजाला लवंगेच्या तेलाचा वास होता, दातांच्या दवाखान्यात येतो तसा. सावकाश. घाई नाही आपल्याला. आणि एक मोठा, कोरडा, स्वच्छ हात त्याच्या खांद्यावर. चेहरा नव्हता. हात होता, वास होता, आणि पेट्रोल पंपाचा पांढरा दिवा. पारख्याने भीतीने समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं. काहीतरी करायचं म्हणून नकाशातले पत्ते उघडले. तसेही ते पुसायचेच होते. यादीत तीन नावं होती. घर. दवाखाना. पारखी.

त्याने तिसरं दाबलं.

दुकानच असणार, त्याला वाटलं. डॉक्टरने दुकानाचा पत्ता माझ्या नावाने ठेवला असेल. गाडी बोलायला लागली, कुणा तरुण, कंटाळा न येणाऱ्या मुलीच्या आवाजात. डावीकडे, मग सरळ, मग पुन्हा डावीकडे. तो ऐकत गेला. ऐकणं सोपं होतं, इतकं सोपं की त्याला लाज वाटली. बाईने त्याला अडवलं नाही. दुकानाची काच कुठे दिसली नाही. रस्ते अरुंद होत गेले, झाडं ओळखीची होत गेली, एक पिवळं फाटक आलं, त्याच्या पुढे इस्त्रीवाल्याची टपरी, आणि आवाज म्हणाला, तुम्ही पोहोचला आहात. समोर त्याची इमारत होती. पहिल्या मजल्यावर त्याचीच बनियन वाळत होती. आणि खिडकीत बायको उभी होती.

ती धावत आली नाही. घाबरली नाही, चकितही झाली नाही. जिना उतरून, हात पदराला पुसत, फाटकाशी आली, आणि आधी तिने गाडीकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि शेवटी त्याच्याकडे. "या, ताई," ती म्हणाली. "पुन्हा तुम्हालाच त्रास." तो 'पुन्हा' तिला गिळायचा असावा, तो बाहेर पडला आणि तिघांच्या मधे येऊन उभा राहिला. मग कुणालाच काही लपवता येईना.

घरात गेल्यावर बायकोनेच सांगितलं. दोन बायका खुर्च्यांवर आणि तो पलंगाच्या कडेवर, शाळेत बोलावलेल्या पालकांच्या मुलासारखा. "मागच्या थंडीत तुम्ही डॉक्टरांकडे ही गाडी बघायला गेला होतात. चक्कर मारून येतो म्हणून एकटे निघालात आणि आलाच नाहीत. डॉक्टर शोधत शोधत गेले. तुम्ही पंपाच्या कडेला गाडी लावून बसला होतात. हात स्टीअरिंगवर. नीट बसलेले. पेट्रोलसुद्धा भरून घेतलं होतंत."

"मग?"

"मग त्यांनी विचारलं, घर कुठे. तुम्हाला सांगता आलं नाही. तुमच्या फोनवरून त्यांनी मला विचारलं आणि गाडीत पत्ता घातला. इथे सोडलं. मला म्हणाले, पुसत नाही हो, राहू दे. परत कधी लागला तर."

"तुमची सीटसुद्धा तीन नंबरवर ठेवून दिली त्यांनी," डॉक्टरची बायको म्हणाली. "म्हणायचे, तो माणूस त्या दिवशी इतका छान बसला होता."

पारखी ऐकत होता. दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट ऐकावी तसं त्याला त्या माणसाचं वाईट वाटलं. पंपाच्या पांढऱ्या दिव्याखाली, टाकी भरून, आरशात मागचं चाक बघत बसलेला माणूस. तो तिथेच असणार अजून, असं त्याला वाटलं. घरी जो आणून सोडला तो दुसराच. "आणि भाव?" त्याने विचारलं. "त्या दिवशी मी भाव सांगितला होता का?"

"सांगितला होतात. निघायच्या आधीच." बाई म्हणाली. "वर्षभराने किती उतरेल तेही सांगितलं होतंत. आता चार ठिकाणी विचारलं, सगळ्यांनी तोच सांगितला."

याचा त्याला आनंद झाला, खरा, पोरकट आनंद, आणि तो लपवायला तो उठून खाली गाडीपाशी गेला. धुणं राहिलं होतं. पडद्यावर 'घर' पुसलं. 'दवाखाना' पुसला. मग दारावरचा एक नंबर. बाई मागून आली होती. तिने दार लावलं आणि उघडलं. सीट हलली नाही. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. सीट होती तिथेच, कुणाचीच नसलेली. ती बराच वेळ दार धरून उभी राहिली आणि मग रडली, फाटकाशी, उघड्यावर, आणि पारखी तिच्या शेजारी टॉर्च हातात धरून उभा राहिला कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचेना. गाडी आपणच दुकानात नेऊन देते, म्हणाली. गेली. काळी पाठ वळणावर दिसेनाशी झाल्यावर पारख्याच्या लक्षात आलं, की तीन नंबर पुसला की राहिला हे त्याला आठवत नाहीये. बोट आठवत होतं. बटण आठवत होतं. दोघांच्या मधलं आठवत नव्हतं. राहिला असेल तर कुणीतरी दुसरा माणूस, कुठल्यातरी गावात, एक दिवस सहज ते बटण दाबेल, आणि त्याच्याखाली हा येऊन बसेल, डावीकडे किंचित कललेला, चाकाकडे बघत.

तो वर आला. संध्याकाळचं ऊन खोलीत होतं आणि बायको पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. दुपारी रोज येणारे तिचे फोन त्याला आठवले. जेवलात का, कुठे आहात, निघालात का. तो दुकानात सगळ्यांना सांगायचा, आमच्याकडे ट्रॅफिक पोलीस आहे. सगळे हसायचे. आता त्याला वाटलं, ते जरा जास्तच हसायचे. त्याला तिचा राग येत नव्हता. त्याला फक्त भीती वाटत होती, की ती त्याच्याकडे आता संशयाने बघत असेल, केव्हा बंद पडेल ते बघत. इतकी वर्षं चारचौघांत तोऱ्याने मिरवलेला नवरा, आणि हा असा. विचारल्याशिवाय त्याला बसवेना.

"अगं," तो म्हणाला, "खरं सांग. मी किती उतरलोय?"

"भाव विकणाऱ्याला लागतो," ती म्हणाली. "मला कुठे विकायचंय तुम्हाला?"

त्याला हसू आलं. छातीवरचं ओझं सरकलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिचा हात धरावा म्हणून तो पुढे झाला. काय बोलली! आणि किती पटकन. घडी घालता घालता, मान वर न करता. सदऱ्याची बाही तिने मधेसुद्धा थांबवली नव्हती. पारख्याचा हात हवेत राहिला. ते वाक्य त्याने मनात पुन्हा एकदा हातात घेतलं, डोळे मिटले, आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. कुठेच काही टोचलं नाही.

"हे मी आधी विचारलं होतं का तुला?"

"नाही हो," ती म्हणाली. "आजच."

तेही तितकंच गुळगुळीत होतं.